सतरा नंबरसाठी सुचवलेलं चरित्र

सोमवार, ४ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी बोलावून चहा विचारला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट सांगणार. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना येऊन सहा वर्षं झाली आणि चहा आज दुसऱ्यांदा. पहिल्यांदा विचारला होता तेव्हा माझी मदतनीस काढून घेतली होती.

"ग्रंथालयाची खोली उजेडाची आहे हो," म्हणाल्या. "तिथं संगणक छान बसतील."

"आणि पुस्तकं?"

"जिन्याखाली दोन कपाटं लावू की. तसंही वाचतंय कोण?"

संस्थेचे लोक डिसेंबरात पाहणीला येणार आहेत. तोवर खोलीत मुलं दिसली तर खोली माझी. नाही दिसली तर मी आणि माझी एकोणीस वर्षं जिन्याखाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ही दैनंदिनी माझी आहे, इथं खोटं कशाला लिहू? खरंच कुणी येत नाही. मधल्या सुट्टीत एकटी एक मुलगी येते, नववी ब मधली. उंच, खांदे पाडून चालणारी. हजेरी क्रमांक सतरा. ती कोपऱ्यातल्या खिडकीशी बसते आणि रहस्यकथा वाचते. चौदा वर्षांची पोर आणि रोज एक मुडदा. असल्या वाचनाने खोली वाचत नसते.

बुधवार, ६ ऑगस्ट

सुचलं. भाजी निवडताना सुचलं म्हणून अर्धी भाजी तशीच राहिली.

मुलांना "वाचा, वाचा" म्हणून काही होत नाही. आजारी माणसाला आपण "औषध घे" म्हणतो का? कुठलं औषध ते सांगतो. तसंच प्रत्येक मुलाची अडचण शोधायची आणि त्याच अडचणीतून वर आलेल्या माणसाचं चरित्र त्याच्या हातात ठेवायचं. माझ्याकडे दोनशे तीस चरित्रं-आत्मचरित्रं आहेत, धूळ खात. आंधळे, लंगडे, अनाथ, नापास, सगळे आहेत आणि सगळे शेवटी मोठे झालेत.

ताईला सांगितलं. ती खिडकीशी खुर्चीत असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं जग म्हणजे खुर्ची, खिडकी आणि मी. म्हणाली, "आणि ज्याला काहीच अडचण नाही त्याला?"

"प्रत्येकाला असते. शोधली पाहिजे."

"तू शोधशील बाई," ताई म्हणाली. मला बरं वाटलं. ती सहसा कौतुक करत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नववी ब पासून सुरुवात केली. एकेकाला आत बोलावते, दार लावते, पाच मिनिटं. आधी सगळे म्हणतात, काही नाही बाई. मग मी गप्प बसते. गप्प बसलं की मुलं घाबरून बोलतात, हे मला एकोणीस वर्षांत कळलंय.

चार नंबरची आई घर सोडून गेली. नऊ नंबरला जिना चढताना धाप लागते, वजन फार. तेवीस नंबर अजून अंथरूण ओलं करतो. हे सांगताना तो इतका रडला की मला माझा रुमाल द्यावा लागला, धुतलेला होता नशिबाने. एकतीस नंबर तोतरा आहे, त्याला "काही नाही बाई" म्हणायलाच दोन मिनिटं लागली. सगळं वहीत लिहून घेतलं. तीन रकाने केलेत: क्रमांक, अडचण, सुचवलेलं चरित्र.

किती साठलेलं असतं पोरांच्या मनात. कुणी विचारतच नाही त्यांना.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज सतरा.

"वडील काय करतात?"

"जहाजावर असतात."

आता मला माहीत होतं की नसतात. रहस्यकथेच्या आड ती पत्रं लिहिते. मागे एकदा पाकीट विसरून गेली होती. पत्ता मला वाचायचा नव्हता, वाचला गेला. कागद दिसला की मी वाचते, त्याला इलाज नाही. वर कारागृहाचं नाव होतं आणि खाली वडिलांचा कैदी क्रमांक.

मी विचारलं, "सध्या कुठल्या बंदरात आहे जहाज?"

पोरीचा चेहरा असा उतरला की काय सांगू. तरी म्हटलं, आपल्या तोंडाने सांगू दे, त्यातच धीटपणा आहे. मी गप्प बसले. मग बोलली. वडिलांनी ज्या कंपनीत काम केलं तिथले पैसे खाल्ले, अजून पाच वर्षं आहेत. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुते. ही तिसरी शाळा. पहिल्या दोन्ही ठिकाणी मुलांना कळलं. दुसऱ्या शाळेत तर तिच्या बाकावर कुणी बसेना, आणि कुणाचं काही हरवलं की आधी हिचं दप्तर उघडायचे.

"इथं कुणाला माहीत नाही," म्हणाली. "आई म्हणते इथं कळलं नाही तर दहावी इथूनच होईल. तिला आता घर बदलणं झेपणार नाही. बाई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"तोंडातून शब्द काढणार नाही," मी म्हटलं. आणि काढणारही नाही. मी दिलेला शब्द मोडत नाही.

खोटं बोलली याबद्दल मात्र समजावलं. जहाज काय, बंदर काय. जे आहे ते आहे म्हणायला शिकावं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सापडलं. सतरा नंबरला इतकं चपखल पुस्तक आहे की मी कपाटासमोर उभीच राहिले. एका बाईंनी चाळिशी ओलांडल्यावर लिहिलेलं आत्मचरित्र. लहानपणी वडील तुरुंगात, गावाने वाळीत टाकलेलं, आणि पुढे त्याच बाई न्यायाधीश झाल्या. वेष्टनावर तुरुंगाचं दार आणि दारापुढे दोन वेण्यांची मुलगी. अगदी सतराच.

घरी ताईला सांगितलं. नंबरच सांगितला, नाव नाही. ताईने विचारलं, "तिनं मागितलंय का हे पुस्तक?"

"मागायला तिला ठाऊक कुठंय की असं पुस्तक आहे?"

ताईने विणकाम उचललं. मग म्हणाली, "मला तेवढी ती हिऱ्यांच्या चोरीची कादंबरी आणशील का उद्या?" हिची आवडही त्या पोरीसारखीच. मी तिला एका अपंग गिर्यारोहकाचं आत्मचरित्र आणून ठेवलंय, तीन आठवडे उशाशी आहे. तिच्याच भल्यासाठी. पान सातवर खूण आहे.

सोमवार, १ सप्टेंबर

पुस्तकं वाटली. सतराने पुस्तक हातात घेतलं, वेष्टन बघितलं आणि पालथं ठेवलं.

"बाई, मला दुसरं द्या ना."

"आधी हे वाच."

"मग कागदाचं कव्हर घालू का?"

म्हटलं, पुस्तकाचं तोंड झाकायचं नाही, ग्रंथालयाचा नियम आहे. तसा नियम नाही, पण असायला हवा. शेवटी दप्तरात घालून गेली. वाचेल. पहिली पन्नास पानं जड जातात, मग ओढ लागते.

सोमवार, २२ सप्टेंबर

मोठ्या बाई आज स्वतः खोलीत आल्या. वही चाळली आणि चक्क खुर्चीत बसल्या. "हे फारच वेगळं आहे," म्हणाल्या. "संस्थेच्या लोकांना हे दिसलं पाहिजे. एक तक्ता करा मोठा, दर्शनी भागात लावू. फक्त नावं नकोत हं. उगाच पालकांची कटकट."

नावं टाकायला मी काय वेडी आहे? फक्त हजेरी क्रमांक. चित्रकलेच्या सरांनी तीन दिवस खपून अक्षरं काढली. निळ्या कागदावर पांढरी, लांबून वाचता येतील अशी. प्रत्येक अडचणीपुढे बाण आणि बाणापुढे पुस्तक.

४ – आई सोडून गेली.
९ – लठ्ठपणा.
१७ – वडील तुरुंगात.
२३ – अंथरूण ओलं होतं.
३१ – तोतरेपणा.

असे बेचाळीस. जिन्याच्या समोर लावला, म्हणजे येता-जाता नजर पडते.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळी प्रार्थनेनंतर तक्त्यासमोर ही गर्दी. मी लांबून बघत होते, डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस वर्षांत पुस्तकांच्या नावांसमोर एवढी मुलं मी पाहिली नव्हती. आठवीची, दहावीचीसुद्धा. एक मुलगा मोठ्याने वाचत होता आणि बाकीचे नववी ब च्या दाराकडे वळून वळून बघत होते. शेजारच्या वर्गात रोजच्यासारखी हजेरी चालू झाली, "पंधरा, सोळा, सतरा", तर नववी ब मधून इतका हशा आला की वर्गशिक्षकांना डस्टर आपटावं लागलं. काय विनोद झाला कोण जाणे.

मधल्या सुट्टीत खोलीत अकरा मुलं. सतरा मात्र आली नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

ताईला तक्त्याचं सांगितलं. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"वर्गात रोज नंबर पुकारतात ना गं?"

"मग?"

"मग काय. तू तीस वर्षं आधी जन्मायला हवं होतंस, आमच्या टेलिफोनच्या कचेरीत. दोन दिवसांत सगळं गाव पेटवलं असतंस." ताई टेलिफोन ऑपरेटर होती. "तीस वर्षं मी अख्ख्या गावाचं ऐकलं. कुणाचं कोणाशी, कुणाला कुठला आजार. एक शब्द बाहेर नाही."

"मीही कुठं सांगितलंय? नुसता आकडा लिहिलाय."

"आणि तुझा माणूस शाळेत कधीचा वारला आहे? परवाच तर त्याला मुलगी झाली म्हणत होते."

हे तिचं नेहमीचं. वर्मावर बोट ठेवायचं आणि परत विणायला घ्यायचं. शाळेत मी ह्यांना "वारले" सांगितलंय, ते खोटं नव्हे, सोय आहे. लग्नानंतर अकरा महिन्यांत माणूस दुसरीकडे जाऊन राहतो, हे काय शिक्षक खोलीत सांगत बसू? आणि त्याचा इथं काय संबंध?

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सतरा शाळा सुटल्यावर आली. दप्तर छातीशी धरून दारातच उभी.

"बाई, तक्ता काढा."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, तुझं नाव नाही त्यात. म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे सतरा कोण. पहिल्या दिवशीच फळ्यावर जहाज काढलं होतं, त्याला गज काढले होते. काल कुणाची तरी पट्टी हरवली तर सरांनी माझं दप्तर उघडलं."

वाईट वाटलं, नाही कसं. मोठ्या बाईंना सांगून तेवढी ओळ कोरी करता आली असती. पण एक ओळ काढली की उद्या बेचाळीस जण येतील. आणि लपवून काय मिळतं? तेच तर त्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, "त्या बाईंना लाज वाटली नाही. सगळं लिहिलं त्यांनी. जगाला सांगितलं."

"त्यांनी स्वतः लिहिलं, बाई," सतरा म्हणाली. "त्या तेव्हा मोठ्या झाल्या होत्या. माझं तुम्ही लिहिलंत."

तोंडात मारल्यासारखं झालं. उर्मट म्हणावं तर आवाज अगदी खाली होता. मी विचारलं, पुस्तक वाचून झालं का? म्हणाली, "माझ्याकडे नाही. दप्तरातून काढून घेतलं. वर्गात फिरतंय."

"नोंद तुझ्या नावावर आहे. परस्पर कुणाला द्यायचं नसतं."

तिने दप्तर पुन्हा छातीशी धरलं. मग गेली. ग्लासातलं पाणी तसंच होतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

देवघेव नोंदवहीत या महिन्यात आजवर एकशे साठ नोंदी. गेल्या वर्षभरात दोनशे अकरा होत्या. सतराच्या पुस्तकाला तर नऊ जणांची मागणी आहे, पण ते परत येतच नाही, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातंय. असं पुस्तक एकोणीस वर्षांत झालं नाही.

ग्रंथालयाच्या तासाला एकतीस नंबरला उभं करून त्याच्या पुस्तकातलं भाषण मोठ्याने वाचायला लावलं. त्याचे नायक तोतरे होते आणि पुढे मोठे वक्ते झाले. वाचताना तो जिथं अडकला तिथं सगळा वर्ग ठेक्यात टाळ्या वाजवायला लागला. मलाही राहवलं नाही, मीही वाजवल्या. पान पुरं करायला तास संपला. घामाने निथळला होता, पण पुरं केलं. प्रोत्साहनाने काय होत नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सतरा आठ दिवस गैरहजर. वर्गशिक्षक म्हणाले, पोट दुखतंय अशी चिठ्ठी आहे. खिडकीजवळची तिची जागा आता दहावीच्या मुलांनी घेतली. ती मुलं हसतात फार, पण हातात पुस्तक असतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज जरा सविस्तर लिहिते, कारण मन थाऱ्यावर नाही.

सतराची आई शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. मी पहिल्यांदाच पाहिलं तिला. लहान चणीची, हातांची कातडी धुण्याच्या सोड्याने सोललेली. दाखल्यासाठी प्रत्येक विभागाची सही लागते. प्रयोगशाळा झाली, खेळ झाला, शेवटी माझ्याकडे आल्या दोघी.

वही बघितली. सतराच्या नावावर एक पुस्तक बाकी.

"ते माझ्याकडे नाही," सतरा म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं."

"कुणाकडे आहे ते शोध. पुस्तक आलं की सही." नियम आहे आणि हा खरोखरचा आहे. पुस्तक बाकी असताना मी मोठ्या बाईंच्या मुलालाही सही दिली नव्हती.

आई म्हणाली, "बाई, आम्हाला चारची गाडी आहे. सामान घालून झालंय. मी भरपाई देते." म्हटलं, भरपाई नको, पुस्तक हवं. मुलांना जबाबदारी कळायला हवी. आई पुढे काही बोलणार होती, पण सतराने तिचा हात धरला आणि "बस तू इथं" म्हणाली.

मग ती वर्गावर्गातून मागत फिरली. तास चालू होते. दार वाजवायचं, परवानगी घ्यायची, विचारायचं. खोलीत बसून मला कळत होतं ती कुठं आहे ते, कारण ज्या वर्गात जाई तिथून आवाज उठे आणि मग शिक्षकांचं "शांत बसा". आईलाही ऐकू येत होतं. ती बाकावर पदर मुठीत धरून बसली होती आणि दर वेळी आवाज झाला की मान खाली घालत होती. मी तिला वाचायला मासिक दिलं. तिने उघडलं नाही.

पाऊण तासाने पुस्तक आलं. दहावी अ मध्ये होतं. मी रीतीप्रमाणे पानं तपासली. फाटलं नव्हतं, पण समासात पेन्सिलीने लिहिलेलं. जवळजवळ प्रत्येक पानावर, वेगवेगळ्या अक्षरांत. दोन-चार ओळी वाचल्या. पुढे वाचवेना. वेष्टनावरच्या दोन वेण्यांच्या मुलीच्या गळ्यात पाटी काढली होती आणि पाटीवर सतरा.

असं पुस्तक परत घेता येत नाही. मी खोडरबर दिला.

सतरा टेबलाशी बसली आणि पहिल्या पानापासून खोडायला लागली. खोडायचं तर वाचावं लागतं. आईने थोडा वेळ बघितलं, मग म्हणाली, "दुसरा रबर आहे का?" मी तिलाही दिला. पुस्तक मध्ये उघडून दोघी दोन बाजूंनी बसल्या, डावं पान आईकडे, उजवं मुलीकडे. सतरा मध्येच आईच्या पानावर हात ठेवी आणि म्हणे, "हे मी करते, तू पुढचं घे." आई तिचा हात बाजूला करी. दोनशे बारा पानं. साडेतीन वाजता झालं. टेबलभर रबराचा चुरा पडला होता, तो आईने तळव्याने गोळा करून टोपलीत टाकला.

मी सही केली. म्हटलं, "पुस्तक वाच हं नव्या गावी. तिथल्या ग्रंथालयात नक्की असेल." सतराने दाखला घडी करून आईकडे दिला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली. आई मात्र दारात थांबून "येते बाई" म्हणाली.

काम दोघींनी स्वच्छ केलं होतं, कुठं डाग नाही. तरी मला घरी जेवण गेलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

संस्थेचे लोक आले. तक्त्यासमोर वीस मिनिटं उभे होते. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. खोली राहिली, संगणक प्रयोगशाळेच्या वर बसवणार. शिवाय संस्थेच्या अकराही शाळांत माझी पद्धत सुरू करायची म्हणतात. मोठ्या बाईंनी चहा दिला आणि या वेळी काहीच काढून घेतलं नाही. जीव भांड्यात पडला.

ताईला सांगितलं. म्हणाली, "ती पोरगी कुठं गेली पुढं?" म्हटलं, आज तरी आनंदात राहू दे मला. म्हणाली, "राहा." आणि दिवा लावायला सांगितला.

सोमवार, ५ जानेवारी

सुट्टी संपली. काय सांगावं, एक भलतंच होऊन बसलं.

नव्या सत्रात वर्गशिक्षक हजेरीपट नव्याने लिहितात. सतरा गेली, म्हणून तिच्या मागचे सगळे एकेक घर वर सरकले. अठरा आता सतरा. आणि तक्ता आहे तसाच भिंतीवर. पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर कुणीतरी ओरडलं, "नव्या सतराचा बाप पण आत गेला." ती मुलगी रडत घरी गेली आणि अर्ध्या तासात तिचे वडील शाळेत. दातांचे डॉक्टर आहेत, मेहुणा संस्थेच्या मंडळावर. मोठ्या बाईंच्या खोलीतून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. माझ्या मुलीबद्दल असलं खोटं भिंतीवर लावता, अब्रूचा दावा लावीन.

मोठ्या बाई पांढऱ्याफटक होऊन आल्या. "काढा. आत्ता काढा. मला न विचारता कुणी लावला हा?"

शिपाई शिडी आणायला गेला, तेवढाही धीर धरवेना. मी खुर्चीवर चढून काढला. दहा मिनिटांत भिंत मोकळी.

मंगळवार, ६ जानेवारी

ताईला सगळं सांगितलं. विणता विणता म्हणाली, "म्हणजे काढता येत होता."

मी म्हटलं, ते खोटं होतं म्हणून काढला. त्या पोरीचं खरं होतं.

"हो ना," ताई म्हणाली. "खरं होतं म्हणून तर तिनं काढा म्हटलं."

मला तिचा असा राग आला की ताट आपटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. का रडले ते नीट कळत नाही. ते रबराचे दोन तुकडे अजून माझ्या खणात आहेत, मला ते टाकवत नाहीत. त्या पोरीला माझ्याकडून काहीतरी कमी पडलं, हे मी आज इथं लिहून ठेवते. काय कमी पडलं ते विचार करूनही सापडेना.

शुक्रवार, ९ जानेवारी

सापडलं आणि संधीही चालून आली.

सतराच्या नव्या शाळेतून माहितीचा फॉर्म आलाय. म्हणजे चौथी शाळा. प्रत्येक विभागाला दोन ओळी. कारकून म्हणाले, "'वर्तणूक चांगली' लिहा आणि द्या, सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, सगळे तेच लिहितात म्हणूनच मुलांचं नुकसान होतं. तिला इथं कुणी समजून घेतलं नाही, हेच तर कमी पडलं. सुरुवातीपासून शिक्षकांना, मुलांना नीट कळलं असतं तर कुणी हसलं नसतं. जहाज नाही, बंदर नाही, आडपडदा नाही.

वेगळा कागद जोडला. अख्खा तास शांतपणे बसून लिहिलं, इतकं मनापासून मी कुणासाठी लिहिलं नव्हतं. मुलगी हुशार, अबोल, वाचनाची आवड, रहस्यकथांपासून मात्र दूर ठेवावी. वडील कुठल्या तुरुंगात आहेत, कशासाठी आहेत, किती वर्षं राहिली आहेत. आई कष्टाळू आहे. त्या आत्मचरित्राचं नाव लिहिलं आणि ते वर्गासमोर तिच्याकडून वाचून घ्यावं, तिची भीड मोडेल, असंही सुचवलं. या वेळी हजेरी क्रमांक लिहिला नाही. आकडे बदलतात, उगाच दुसऱ्या कुणाच्या माथी जातं, हे मी आता शिकलेय. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं ठळक अक्षरांत लिहिलं.

दुपारच्या टपालाने गेलं. संध्याकाळी ताईला सांगेन, तिलाही बरं वाटेल.